पाय बघत बघत इटली

आत्याने आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. तिचं एक ठाम मत आहे : मुलाला माणूस काढता येतो की नाही, हे चेहऱ्यावरून कळत नाही, पायांवरून कळतं. "चेहरा घोटून घोटून जमतो गं. पाय जमत नाहीत. मग काय करतात माहितीय? गवत काढतात. पार पोटरीपर्यंत."

नोव्हेंबरमध्ये आम्ही दोघी नऊ दिवस इटलीला गेलो, ते तिने वर्षानुवर्षं फळ्यावर खडूने शिकवलेला कलेचा इतिहास एकदा डोळ्यांनी बघायला. तयारी म्हणून मी शैलींची नावं आणि सनावळ्या पाठ करत होते. पण विमानात बसल्यावर आत्या म्हणाली, "ते सगळं मिटून ठेव. आपण फक्त पाय बघू." मला ती थट्टा वाटली होती.

दिवस पहिला : रोम

पहाटे उतरलो, बॅगा टाकल्या आणि झोप येईल या भीतीने लगेच बाहेर पडलो. व्हिला जुलिया हे एट्रुस्कन संग्रहालय बोर्गेझे बागेच्या कडेला आहे. रोममध्ये येणारे बहुतेक लोक इकडे फिरकत नाहीत, त्यामुळे काही दालनांत आम्ही दोघी आणि पेंगणारा रखवालदार एवढेच. रोमनांच्या आधी मध्य इटलीत या एट्रुस्कन लोकांची शहरं होती.

इथली प्रसिद्ध वस्तू म्हणजे चेर्वेतेरीला सापडलेली भाजक्या मातीची शवपेटी, इ.स.पू. सहाव्या शतकाच्या अखेरची. एक जोडपं मेजवानीला बसावं तसं पलंगावर रेललंय. तो तिच्या खांद्यावर हात टाकून, दोघंही हसतायत. कमरेपर्यंत देह इतके भरीव की आत्ता बोलतील. मी फोटो काढून पुढे निघाले, तर आत्याने दंडाला धरून मागे ओढलं. "खाली बघ ना."

खाली बघितलं आणि खरंच हसू आलं. कमरेखाली पाय चक्क चपटे. कणकेची लांबट लाटी करून पलंगावर अंथरावी तसे. तो अनवाणी, तिच्या पायांत टोकं वर वळलेले बूट; पण वजन म्हणून काही नाही. ज्याने चेहऱ्यावर ते हसू आणलं, त्याला पाय जमत नसतील असं थोडंच आहे? त्याला त्यांची गरज वाटली नसावी. हसणं, हात, जवळीक एवढंच त्याला सांगायचं होतं.

त्याच संग्रहालयात वेईचा अपोलो आहे, इ.स.पू. ५१० च्या सुमाराचा. देवळाच्या छपराच्या आढ्यावर उभा असायचा. याचे पाय मात्र ताडताड चालतायत. एवढ्या जड मातीच्या पुतळ्याला पेलायला दोन पायांच्या मधे एक आधार ठेवलाय आणि तो आधार लपवण्याऐवजी त्याच्यावर छान वळणांची नक्षी केलीय. आत्याने वहीत पहिलं चित्र काढलं ते या आधाराचं. अपोलोचं नाही.

संध्याकाळी रस्त्यावर कागदाच्या पुडीत भाजलेले चेस्टनट मिळाले. चव रताळ्याची, सोलण्याचा उद्योग मात्र शेंगांपेक्षा कठीण. आठ वाजता झोपलो.

(रोममधली सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट. फुकटच्या रविवारची गर्दी झेपणार असेल तरच तो दिवस धरा. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. रस्तोरस्ती नळ सतत वाहत असतात आणि ते पाणी पिण्याचं असतं.)

दिवस दुसरा : व्हॅटिकन

गर्दीबद्दल सगळ्यांनी लिहिलंय, मी लिहीत नाही. एवढंच सांगते की सगळा लोंढा सिस्टाइन चॅपेलकडे धावत असतो, त्यामुळे वाटेतली इजिप्तची दालनं बऱ्यापैकी मोकळी सापडतात.

इजिप्तच्या कोरीव चित्रांत माणसाचं तोंड एका बाजूला, डोळा समोरून, खांदे समोरून आणि पाय पुन्हा बाजूने, हे शाळेत सगळेच शिकतो. पण दोन्ही पाय *आतल्या* बाजूने काढलेले असतात, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. दोन्ही पायांचा अंगठा आणि तळव्याची कमान आपल्याकडे. करंगळी कुठेच नाही. म्हणजे माणसाला दोन डावे पाय, नाहीतर दोन उजवे! काही हजार वर्षं ही पद्धत चालली, पुढे पुढे क्वचित कुणीकुणी पलीकडची बोटं दाखवायला लागले. चुकून काही हजार वर्षं चुकत नाही कुणी. अवयव जिथून सर्वांत स्पष्ट ओळखू येतो, तिथून तो काढायचा, असा तो हिशेब. डोळ्याला काय दिसतं यापेक्षा काय असतं, ते त्यांना महत्त्वाचं.

त्यांचे उभे पुतळेही बघा. डावा पाय पुढे, दोन्ही तळवे जमिनीला चिकटलेले, वजन दोन्हींवर सारखं. ग्रीकांचे जुने पुतळे तसेच उभे असतात. मग इ.स.पू. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रीक शिल्पकारांनी सगळं वजन एका पायावर टाकलं. दुसरा पाय सैल सुटला, त्यामुळे कंबर कलली, कंबर कलली म्हणून खांदे उलटे कलले आणि दगड श्वास घ्यायला लागला. आत्याने भर दालनात स्वतः तसं उभं राहून दाखवलं. बसची वाट बघताना आपण उभे राहतो तसंच. एका जपानी काकूंनाही ते समजलं असावं, कारण त्याही लगेच तशाच उभ्या राहिल्या आणि दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

राफाएलच्या 'स्कूल ऑफ अथेन्स'समोर (१५०९ ते ११) माणसांच्या खांद्यांवरून डोकावत पाय शोधले. ग्रीक तत्त्ववेत्ते अनवाणी किंवा वहाणांत, आणि पुढे पायरीवर दगडी ठोकळ्याला टेकून एकटाच बसलेला एक उदास गृहस्थ चक्क बूट घालून. हेराक्लिटसच्या रूपातला हा मायकेलँजेलो, असं मानतात. तो त्याच वेळी पलीकडे सिस्टाइनचं छत रंगवत होता. राफाएलच्या कच्च्या रेखाटनात ही आकृती नाही, नंतर घातलीय. सिस्टाइनमध्ये मान दुखेपर्यंत वर बघितलं. तिथे फोटो काढायला बंदी आहे, ते एक बरं आहे.

सेंट पीटर्समध्ये पीटरचा काशाचा पुतळा आहे. यात्रेकरूंनी शतकानुशतकं हात लावून आणि मुके घेऊन त्याच्या उजव्या पायाची बोटं पार झिजवलीत. पाऊल साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत झालंय. रांगेत आम्हीही हात लावला. गार होतं.

दिवस तिसरा : रोम ते राव्हेन्ना

सकाळी दोन तास पालात्झो मासिमोत. मुख्य स्टेशनच्या अगदी समोर आहे, गाडीच्या आधी सहज होतं. इथला ब्राँझचा मुष्टियोद्धा १८८५ मध्ये क्विरिनाल टेकडीवर सापडला. सामना संपलाय, तो बसलाय, हातांना चामड्याचे पट्टे, नाक फुटलंय, आणि कुणीतरी हाक मारल्यासारखी मान वळवलीय. जखमांतलं रक्त दाखवायला लाल तांबं जडवलंय. आमच्या नियमाप्रमाणे पायांपाशी गेलो. बोटं झिजलेली! हात लावून लावून ती प्राचीन काळीच झिजली असावीत, असं अभ्यासक म्हणतात. कालच पीटरचा पाय बघितला होता, म्हणून अंगावर काटा आला.

त्याच संग्रहालयात थाळीफेक करणारा. मूळ ग्रीक ब्राँझ नाहीसं झालं, ही रोमन संगमरवरी नक्कल. पायाला लागून झाडाचा बुंधा आहे. हा बुंधा कुठून आला म्हणून विचारलं तर आत्या खुलली. ब्राँझ आतून पोकळ आणि चिवट, घोट्यावर उभं राहतं. संगमरवर जड आणि ठिसूळ, सगळा भार घोट्यावर आला की तुटतो. म्हणून नक्कल करणारे बुंधा घालतात. संगमरवरी पुतळ्याच्या पायाशी असं काही कामाशिवाय उगवलेलं झाड दिसलं, तर मूळ ब्राँझचं असण्याचा संशय घ्यावा.

दुपारी बोलोन्याला गाडी बदलून राव्हेन्ना. पोहोचेपर्यंत धुकं इतकं की समोरचा माणूस आधी ऐकू येतो, मग दिसतो.

दिवस चौथा : राव्हेन्ना

या अख्ख्या प्रवासात एकच गाव पुन्हा बघायला मिळणार असेल, तर मी राव्हेन्ना मागेन. गाव लहान, पायी सगळं होतं. बाहेरून चर्चेस म्हणजे विटांची गोदामं वाटतात.

गाल्ला प्लाचिदियाच्या समाधीत शिरलो. समाधी नावालाच, ही राजकन्या वारली रोममध्ये. पाचव्या शतकातली एवढीशी वास्तू. खिडक्यांना अलाबास्टरचे पातळ दगड, त्यातून मधासारखा उजेड येतो. छत गडद निळं, त्यावर सोनेरी तारे. डोळे सरावायला दोन मिनिटं लागतात, म्हणून लगेच फोटो काढू नका, थांबा. दारावर आतल्या बाजूला मेंढपाळाच्या रूपातला ख्रिस्त बसलाय : पाय ऐटीत, घोट्याशी एकावर एक, एका हाताने मेंढीचं नाकाड कुरवाळतोय. खडक खरा, बसणं खरं, मेंढ्याही खऱ्या.

आणि मग पन्नास पावलांवरचं सान व्हिताले, ५४७ मध्ये पवित्र केलेलं. पूर्व रोमन सम्राट जस्टिनियन आणि त्याचा लवाजमा. प्रत्यक्षात तो राव्हेन्नाला कधी आलाच नाही, आला तो रंगीत काचांच्या तुकड्यांतून. सगळे समोर तोंड करून, मोठ्ठे डोळे, मागे सोनं. आत्या दुर्बिणीतून खाली सरकत सरकत पायांवर आली आणि खुदकन हसली. "अगं, ही तर माझी सातवी ब! एकमेकांचे पाय तुडवतायत सगळे."

खरंच. पावलं टोकाने खाली लोंबतायत, शेजाऱ्याच्या पावलावर चढतायत. बिशप मॅक्सिमियन सम्राटाच्या पुढे आहे की मागे, हे पायांवरून एक ठरतं आणि अंगावरून दुसरंच. शंभर वर्षांपूर्वी पलीकडच्या इमारतीत ज्यांना मेंढपाळाचे पाय जमले, त्यांच्या नातवंडांना जमेनासे झाले? माझ्या डोक्यातल्या इतिहासात इथे 'ऱ्हास' असं लिहिलेलं होतं. तिथे उभं राहून ते पटेना. सम्राज्ञी थिओडोराच्या गळ्यातले मोती, तिच्या झग्याच्या काठावर विणलेले तीन मागी (बाळ येशूला भेटी घेऊन आलेले ज्ञानी), हे सगळं जो इतक्या बारकाईने लावतो, त्याचा हात गेलेला नाही. त्याला जमीनच नकोय. जमीन आली की सावली आली, वेळ आली, कुठलं तरी गाव आलं. या लोकांना कुठल्याच गावात उभं करायचं नव्हतं.

सांत' अपोल्लिनारे नुओव्होमध्ये पांढऱ्या वस्त्रांतल्या संतांची लांबच लांब रांग हिरव्या कुरणावरून चाललीय. "गवत!" आत्या एवढ्या मोठ्याने म्हणाली की दोनजणांनी वळून बघितलं. त्याच भिंतीवर राजवाड्याचं चित्र आहे. गॉथ राजा थिओडोरिकच्या काळात खांबांमधे माणसं होती. सत्ता बदलल्यावर ती काढून त्या जागी पडदे लावले. पण काही माणसांचे हात खांबांवर आलेले होते, ते तसेच राहिले. पडद्याबाहेर, कुणाचेच नसलेले हात.

दुपारी एका कार्यशाळेचं दार उघडं दिसलं. आत साठीची बाई काचा तोडत बसली होती. इंग्रजी तिला येत नव्हतं, इटालियन आम्हाला नाही, पण आत्याने तिच्या समोरच्या कारागिरीकडे ज्या नजरेने बघितलं त्यावरून तिने ओळखलं आणि स्टूल पुढे केलं. लाकडाच्या ओंडक्यात पातं वर करून रोवलेली एक छिन्नी. काच तिच्यावर धरायची आणि दोन्ही टोकांना धार असलेल्या वळणदार हातोडीने वरून हलकेच टोला द्यायचा. काच कापली जात नाही, ती फुटते, पण नेमकी हवी तिथे. सोन्याचा तुकडा तिने उजेडात आडवा धरला : खाली काच, वर काचेचा पापुद्रा, आणि मधे सोन्याचा वर्ख. मग ओल्या गिलाव्यावर तीन-चार तुकडे मुद्दाम थोडे तिरके बसवून दिवा हलवून दाखवला. एक विझला, दुसरा पेटला. आत्याने सहा तुकडे तोडले, त्यातला एक बरा आला. तो त्या बाईने तिच्या मुठीत घालून मूठ मिटली.

रात्री प्यादिना खाल्ली, पातळ भाकरीसारखी रोटी, आत सैलसर स्क्वाक्वेरोने चीज आणि रुकोलाची पानं. शाकाहाऱ्यांनी मात्र पिठात डुकराची चरबी नाही ना, हे आधी विचारून घ्यावं. आम्ही तीन वेळा खाल्ली.

(पाच वास्तूंचं एकत्र तिकीट मिळतं. गाल्ला प्लाचिदियाला ठरावीक वेळ घ्यावी लागते. दुर्बीण न्याच, छोटी चालेल.)

दिवस पाचवा : पादोवा

हॉटेलच्या मालकिणीने आदल्या रात्रीच दारावर टकटक करून सांगितलं, "उद्या रेल्वेचा संप!" आमची स्क्रोव्हेन्यी चॅपेलची वेळ सव्वाअकराची, पैसे भरलेले, आणि ती चुकली की गेली. तिनेच मार्ग सांगितला. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात ठरावीक लोकल गाड्या सोडाव्याच लागतात. पहाटे अंधारात, धुक्यात निघालो, फेराराला गाडी बदलली, आणि सव्वानऊलाच पादोवात हजर. दोन तास एका कॅफेत बसून काढले.

स्क्रोव्हेन्यीत थेट शिरता येत नाही. आधी काचेच्या खोलीत पंधरा मिनिटं बसवतात, आपल्या अंगाबरोबर आलेली दमट हवा आणि धूळ निवळायला. मग आत पंधरा मिनिटं. घड्याळ लावून. "आता फक्त पाय," आत्या बजावत होती, मी नापास होणार असल्यासारखी.

दार उघडलं आणि निळा रंग अंगावर आला. एन्रिको स्क्रोव्हेन्यी या सावकाराच्या मुलाने बांधलेलं हे चॅपेल १३०५ मध्ये पवित्र झालं. त्याच्या व्याजखोर बापाला कवी दान्तेने आपल्या काव्यात नरकात बसवलंय. भिंती जोत्तोने रंगवल्या, ओल्या गिलाव्यावर. रोज वाळायच्या आत रंगवून होईल तेवढाच गिलावा लावायचा. नीट बघितलं तर दिवसादिवसांचे सांधे दिसतात.

ख्रिस्त शिष्यांचे पाय धुतोय, त्या चित्रापाशी एक शिष्य वाकून वहाणेचा बंद सोडतोय. सोळाव्या मिनिटाला बाहेर काढतील हे माहीत असूनही मी त्या बंदापाशी एक मिनिट घालवलं. पण आत्या गेली ती थेट पलीकडच्या भिंतीकडे. ख्रिस्ताचा देह खाली उतरवलाय, भोवती बायका बसल्यात. *बसल्यात* म्हणजे जमिनीवर फतकल मारून बसल्यात. दोघी तर आपल्याकडे पाठ करून, त्यांचे चेहरे दिसतच नाहीत, नुसता कापडाचा मोठा डोंगर. पण त्या पाठींवर सगळं दुःख आहे. पायांशी ख्रिस्ताची शिष्या मॅग्डालेन, दोन्ही पावलं हातांत धरून त्यांच्याकडे बघत. वर आकाशात देवदूत रडतायत, आणि त्यांना कमरेखाली पायच नाहीत, ढगांत विरघळत गेलेत. ज्यांना वजन आहे त्यांना जोत्तो जमीन देतो, ज्यांना नाही त्यांना पायसुद्धा देत नाही.

घंटा झाली. बाहेर आल्यावर आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्याला गवत लागलं नाही."

दिवस सहावा : व्हेनिस

खरं तर आता पंधराव्या शतकात जायला हवं होतं, म्हणजे फ्लॉरेन्सला. पण पादोवाहून व्हेनिस अर्ध्या तासावर, त्यामुळे आमच्या इतिहासात जोत्तोच्या दुसऱ्या दिवशी विसाव्या शतकातला अमेरिकन चित्रकार पोलॉक आला. गाड्यांना सनावळ्या कळत नाहीत.

सान मार्को चौकात भरतीचं पाणी चढलं होतं, घोट्याएवढं. समुद्रातले नवे दरवाजे मोठी भरती अडवतात, पण चौक सगळ्यांत खोलगट, तो थोडक्यात भिजतो. चालायला लाकडी फळ्यांचे उंच मार्ग टाकले होते. फेरीवाल्याकडून आत्याने भगव्या प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन बुटांवर चढवल्या. मी शहाणी, फोटोसाठी फळीवरून खाली उतरले. त्याची फळं दोन दिवसांनी मिळाली.

आधुनिक कला जमवणाऱ्या पेगी गुगेनहाइमचं घर मोठ्या कालव्यावर आहे, एकच मजला बांधून अर्धवट राहिलेला महाल. तीसेक वर्षं ती इथे राहिली. बागेत तिच्या अस्थी आहेत, शेजारी तिच्या कुत्र्यांच्या. इथे पाय बघायचा आमचा नियम मोडेल असं वाटलं होतं. ब्रांकुशीच्या पक्ष्याला पाय नाहीत, पंखही नाहीत, नुसतं वर जाणं तेवढं पितळेत उरलंय. पण जाकोमेत्तीची १९३२ मधली चालणारी बाई बघा : डोकं नाही, हात नाहीत, एक पाय किंचित पुढे. व्हॅटिकनच्या इजिप्तच्या दालनात आम्ही हिला भेटलो होतो! चार हजार वर्षांनी तेच पाऊल.

पोलॉकच्या 'अल्केमी'समोर (१९४७) आमचं भांडण झालं. मला ते आवडलं, आत्याला नाही. "गुंता आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, अगं, पण पाय इथेच तर आहेत. त्याने कॅनव्हास जमिनीवर अंथरला आणि चारी बाजूंनी फिरत रंग ओतला. रेषेत मनगट नाही, चालणं आहे. आजवर चितारी उभा राहून चित्रातल्यांना चालवत होता, इथे चित्र आडवं पडलं आणि चितारी चालायला लागला. आत्याने जवळ जाऊन बघितलं. रंगात वाळू, खडे, काडी अडकलेली आहे. "बरं," ती म्हणाली. तिच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ.

(हे संग्रहालय मंगळवारी बंद. आणि कॉफी काउंटरवर उभ्याने प्या. बसलात की दर बदलतो.)

दिवस सातवा आणि आठवा : फ्लॉरेन्स

दोन्ही दिवस पाऊस.

उफित्झीच्या सुरुवातीच्या दालनात तीन अवाढव्य मॅडोना, म्हणजे बाळ येशूला घेतलेल्या मेरीची चित्रं, आहेत : चिमाबुए, दुच्चो आणि जोत्तो. तिन्ही तीसेक वर्षांच्या आतल्या. पहिलीच्या वस्त्रावर सोन्याच्या रेघा, दुसरीच्या वस्त्राला सोन्याचा वळणदार काठ, आत देह आहे की नाही कोण जाणे. जोत्तोच्या मॅडोनाचे गुडघे कापडातून वर आलेत. ती सिंहासनावर खरोखर बसलीय, उठली तर सिंहासन करकरेल. एकाच खोलीत मधे उभं राहून नुसती मान फिरवा, एक युग बदलतं. इथे अर्धा तास द्या, बोत्तिचेल्लीपाशी गर्दी आहेच.

त्या गर्दीत आम्हीही गेलो. शिंपल्यावरची व्हीनस इतकी एका बाजूला झुकलीय की हाडामांसाची असती तर पाण्यात पडली असती. "हिला मी नापास केलं असतं," आत्या. मी म्हटलं, मी पहिला नंबर दिला असता. बोत्तिचेल्लीच्या आधी साठेक वर्षं याच गावात पाय जमिनीवर टेकवून झाले होते. त्याने ते मुद्दाम उचलले.

टेकवले मसाच्चोने, ते बघायला दुसऱ्या दिवशी नदीपलीकडे कार्मिने चर्चमधल्या ब्रांकाच्ची चॅपेलला गेलो. वाटेत माझ्या उजव्या बुटाचा तळ व्हेनिसच्या पाण्याने सुटला आणि पावलागणिक फटक् फटक् वाजायला लागला. तो भाग कारागिरांचा. एका बोळात चांभाराचं दुकान सापडलं. म्हाताऱ्याने बूट उलटा केला, वास घेतला आणि म्हणाला, "वेनेत्सिया." वासावरून! त्याने तळ घासला, डिंकासारखं काही लावलं, शिकंज्यात दाबला आणि तासाने या अशी खूण केली. तोवर चॅपेलची वेळ झालेली. त्याने त्याच्या मुलाच्या जुन्या चपला पुढे सरकवल्या. मोठ्या होत्या. त्या फरपटत मी कलेच्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे पाय बघायला गेले.

चॅपेलच्या एका खांबावर मसोलिनोचे आदम आणि ईव्ह, सफरचंदापाशी. गोरे, सुबक, पावलं काळोखावर तरंगतायत. समोरच्या खांबावर मसाच्चोने १४२५ च्या सुमारास रंगवलेले तेच दोघं, स्वर्गातून हाकलल्यावर. आदमने तोंड दोन्ही हातांनी झाकलंय, ईव्ह तोंड उघडून रडतेय, आणि पाय मातीत रुतत चालतायत. त्या पायांना सावल्या आहेत. १६८० मध्ये कुणीतरी दोघांना पानं चिकटवून अब्रू झाकली होती, ती १९८० च्या दशकातल्या साफसफाईत निघाली. मसाच्चो सत्ताविसाव्या वर्षाच्या आसपास गेला.

आत्याने इथे एक गोष्ट सांगितली, जी तिने आठ दिवस राखून ठेवली होती. सोळाव्या शतकात चित्रकारांची चरित्रं लिहिणारा वासारी (उफित्झीची इमारतही त्याचीच) मसाच्चोबद्दल पहिल्यांदा काय कौतुक करतो? याच्या आधीचे लोक माणसांना चवड्यांवर उभे करायचे, याने पाऊल जमिनीवर सपाट टेकवलं. १५५० मध्ये छापलंय. म्हणजे तिची युक्ती पावणेपाचशे वर्षं जुनी निघाली. "मग आधीच का नाही सांगितलंस?" तर म्हणे, "आधी सांगितलं असतं तर तू बघितलं नसतंस, पाठ केलं असतंस."

बूट घेतले. चांभार पैसे घेईना, शेवटी कॉफीपुरते घेतले.

मायकेलँजेलोचा डेव्हिड धावत बघितला. त्याच्याही उजव्या पायामागे बुंधा आहे आणि घोट्यांत बारीक चिरा आहेत. १९९१ मध्ये एकाने हातोडी मारून डाव्या पायाचं बोट फोडलं होतं, ते जोडलंय. बघायला गेलात तर मागच्या बाजूने चक्कर मारा, समोरून सगळेच बघतात. रात्री रिबोल्लिता, शिळा पाव, काळसर कोबीची पानं आणि घेवडा एकत्र शिजवलेलं दाट सूप. दोन दिवसांच्या पावसाचा शीण त्याने काढला.

दिवस नववा : परत रोम

विमान रात्रीचं. पॅन्थिऑनजवळच्या एका बोळाच्या कोपऱ्यावर प्राचीन पुतळ्याचं एकच भलंमोठं संगमरवरी पाऊल ठेवलंय, वहाण घातलेलं. बाकीचा पुतळा नाही. रस्त्याचं नावच संगमरवरी पायाचा रस्ता. आम्ही त्याच्या शेजारी पाय ठेवून फोटो काढला, काढायलाच हवा होता.

सान लुइजी देई फ्रांचेझीमध्ये काराव्हाज्जोची संत मॅथ्यूची तीन चित्रं बघितली. यातल्या एका चित्राची पहिली आवृत्ती नाकारली गेली होती. संताचं उघडं पाऊल थेट बघणाऱ्याच्या तोंडापुढे येत होतं. ते चित्र पुढे बर्लिनला गेलं आणि १९४५ मध्ये नष्ट झालं. (ही चर्चेस दुपारी बंद असतात, आणि चॅपेलमधला दिवा नाणं टाकल्यावरच लागतो. खिशात सुटे ठेवा.)

तिथून दोन मिनिटांवर सांत' अगोस्तिनो, डावीकडचं पहिलंच चॅपेल. आत काळोख. मी नाणं टाकलं.

दारात मॅडोना उभी, कडेवर बाळ, समोर दोन म्हातारे यात्रेकरू गुडघे टेकून. पुरुषाचे दोन्ही तळवे आपल्याकडे, बरोबर डोळ्यांच्या पातळीवर : काळे, मळलेले, कित्येक दिवस चाललेले. १६०५ च्या आसपास हे लावलं तेव्हा लोकांनी फार गलका केला, असं त्या काळच्या बाल्योने नावाच्या चित्रकाराने लिहून ठेवलंय. आणि मॅडोना? ती उंबऱ्यावर पायांची अढी घालून चवड्यांवर उभी आहे, टाच उचललेली, वजन नसल्यासारखी. मसाच्चोने पुसलेले चवडे, त्या तळव्यांच्या बरोबर समोर.

मी हे आत्याला सांगणार तेवढ्यात दिवा गेला. काळोखात तिच्या पर्सची चेन वाजली, नाणी खुळखुळली.

"थांब," ती म्हणाली, "त्याच्या टाचेची भेग बघायची राहिलीय."